म्हाताऱ्याचा उसासा

मांगेरे, ऑकलंड
शुक्रवार, १४ मार्च

चि. मालिया हिस,
आशीर्वाद. तू कामावर गेलीस, फेतू दूध पिऊन झोपली आहे. तारोचे कंद उकडून ठेवलेत.

आपल्या घरात सगळ्यांची एकच तक्रार आहे: माणसं मोठी आणि गाडी लहान. परवा जेवताना मी गाडी बनवणाऱ्यांवर भाषणच ठोकलं. पण पोरी, दोष गाडीचा नाही.

त्या दिवशी दुकानाच्या आवारात तू फेतूसाठी मागे तोंड करून बसायची बाळाची सीट आपल्या गाडीत लावून पाहिलीस. ती मावावी म्हणून पुढची सीट सरकवली आणि माझे गुडघे हनुवटीला आले.

"पापा, आता गुडघ्यांवर ताट ठेवूनच जेवा," तू म्हणालीस.

मी हसलो नाही. उसासा टाकला.

लगेच माझा लेक लोपेती म्हणाला, "पुढे तोंड करणारीच घेऊ. पापांना काय टपावर बसवायचं?"

"अरे, वर्षाचीसुद्धा नाही ती! मान बघ किती कोवळी," तू त्याला म्हणालीस.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आम्हा सामोअन लोकांत थोरला पुढे बसतो आणि थोरल्याचा उसासा म्हणजे हुकूम. मी जन्मभर सभा गाजवल्या. न बोलता कसं जिंकायचं, तेही मला ठाऊक आहे. म्हणूनच तो उसासा टाकला, आणि पुढे तोंड करणारी सीट घरी आली.

काल दवाखान्यात जाताना कुत्रं आडवं आलं. लोपेतीने करकचून ब्रेक दाबला. मी वळून पाहिलं, तेव्हा फेतूची मान पुढे झुकलेली होती, देठ मोडलेल्या फुलासारखी. मग ती किंचाळली. मी नर्सला सगळं सांगितलं. तिने नीट तपासलं. म्हणाली, "आज काही झालेलं नाही. पण आजोबा, तोंड मागे असतं तर धक्का पाठीने झेलला असता."

संध्याकाळी तू विचारलंस, "एवढी का रडली?" मी म्हणालो, "दात येताहेत." लोपेती माझ्याकडे बघत होता, बापापुढे कसा बोलेल? माझ्या खोट्यात मी त्यालाही ओढलं.

रविवारी चर्चला जाताना गाडी तू चालव. तू बुटकी, तुझी सीट पुढे असते. तुझ्यामागे माझे पाय मावतील, शेजारी फेतू. तिच्या पुढची सीट सरकवून रिकामी राहू दे, लोपेती चालत येईल. म्हाताऱ्याला मागे कोंबलं म्हणून लोक कुजबुजतील. त्यांना उत्तर मी देईन, तोंड उघडून.

पण उद्या दुकान उघडताच जा, ती सीट बदलून आण आणि माझ्या नातीला मागे तोंड करून बसव.

तिच्या मानेचा अपराधी,
तुझा सासरा
इओसेफो