भालखारची दुपारची गाडी

१० एप्रिल १९९४
आलो एकदाचा! पेण आणि कासूच्या मधे भालखार हॉल्ट, आणि इथला सर्वेसर्वा मी, सुश्रुत जोग. तिकिटं विकणारा मीच, फलाट झाडणारा मीच, आणि गाडी दिसली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले देणारासुद्धा मीच. पत्र्याची शेड, एक बाक, पाणी नसलेला नळ, दोन्ही अंगांना मिठागरं. रोह्याची लाईन टाकताना म्हणे इथला भराव पुन्हापुन्हा चिखलात बसायचा. गावानं जमिनी दिल्या, अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे हा थांबा मिळाला. परीक्षा संपली की पद्मजा मैथिलीला घेऊन पुण्याहून येईल. लेकीला मिठाचे ढीग दाखवायचेत.

१३ एप्रिल
करमणूक सापडली. गोदूबाई नावाची म्हातारी रोज दुपारच्या गाडीला भाकरी बांधून आणते, बाकावर बसते आणि गाडी गेली की उठते. तिचा मुलगा जगन भरावाच्या कामावर होता, खाडीत पडला. प्रेत मिळालंच नाही. आज मी गंभीर चेहरा करून सांगितलं, की पेणहून निरोप आलाय, जगन उद्याच्या गाडीनं येतोय. म्हातारी अशी काही उजळली! मिठागरावरच्या शकूनं मला चांगलंच फैलावर घेतलं. थट्टा म्हणून कळत नाही या लोकांना.

१४ एप्रिल
गाडी आली. कुणीच उतरलं नाही. तरी गोदूबाई कुणाचा तरी हात धरल्यासारखी निघाली. मी पोट धरून हसलो. मग फलाटावर पाहिलं. तिच्या पावलांशेजारी ओल्या चिखलाची दुसरी पावलं होती. या रखरखीत उन्हात. कुणीतरी माझीच फिरकी घेतंय.

१७ एप्रिल
शकू तिकिटाला आली. म्हणाली, गोदूबाईच्या ओटीवर कुणीतरी बसलंय, अंगातून सारखं पाणी गळतंय. मी तडक गेलो. तो पाठमोरा होता. मानेवर शेवाळ. कानातून एक चिंबोरी नांग्या उगारत बाहेर आली—

म्हातारीला ओरडून सांगितलं, की जगन मेलाय, मी थट्टा केली. ती हसली. "ता मना म्हायत हाय, मास्तर. पर तुमी बोलावलंव, न् तो आयला." उपकार ठेवणार नाही म्हणाली. माझी माणसं ती बोलावणार, परवाच्या गाडीनं.

परवा! पद्मजा परवाच यायची आहे. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

१८ एप्रिल
वडखळच्या बूथवरून फोन केला. पेणला एस्टीतून उतरलात की रेल्वेत पाऊल टाकायचं नाही, जीप करायची. पद्मजा हसायला लागली, नवरा रेल्वेत आणि रेल्वेच नको! मी खेकसलो तेव्हा कबूल झाली. आता बसू दे म्हातारीला गाडीची वाट बघत.

१९ एप्रिल
हवालदार येऊन गेला. पेणहून निघालेली जीप— वडखळच्या अलीकडे— ट्रकखाली. दोघीही. ओळख पटवायला चला म्हणाला. मी उठलोच नाही.

मीच सांगितलं, जीपनं या. मीच.

टोले पडतायत. मी दिले नाहीत. रुळाच्या तुकड्यापाशी जगन उभा आहे.

गाडी थांबली. गोदूबाई बाकावर. आज भाकऱ्या जास्त आणल्यात, हसून माझ्याकडे बघतेय—

दार लावलंय. तिकिटाच्या खिडकीतून हात आत येतोय. लहानसा. बाबा, म्हणतेय, मिठाचे ढीग दाखव ना. तिच्या हाताला बोटं—