समाधानाखालची सही

दि. १० जानेवारी १९७३

चि. सौ. कृपा हिस,
योसेफदादाचा सप्रेम सलाम. वि. वि.

कचेरीतून उठून जिन्यावर बसून हे लिहितो आहे.

विद्यापीठानं पत्रद्वारा शिकणाऱ्या सगळ्यांना एक पत्रिका पाठवली होती: धडे वेळेवर मिळतात का, समजतात का, आपण समाधानी आहात का. परत आलेल्या पत्रिका फोडायचं काम माझ्याकडे. संगमनेरचा शिक्का दिसला तसं दाजींचं पाकीट मी कौतुकानं आधी फोडलं. त्यांना या अभ्यासाला बसवलं मीच ना. आत अक्षर तुझं. वर नाव त्यांचं आणि खाली सही सौ. कृपा गिदोन उजागरे. कुणी पाहायच्या आत मी ती घडी घालून खिशात टाकली.

मग तपासून परत जाणाऱ्या गठ्ठ्यातली दाजींची उत्तरपत्रिका शोधली. तीही तुझ्याच अक्षरात. अगं, याला तोतयेगिरी म्हणतात. साहेबांनी पाहिलं तर दाजींच्या शाळेपर्यंत बोभाटा जाईल. लहानपणी चोरून खाल्लेली बोरंसुद्धा आईला सांगून टाकणारी तू, आणि हे काय करून बसलीस? दाजींनी करायला लावलं का, खरं ते लिही. पत्रिका तूर्त माझ्याजवळ आहे.

रागावलो असलो तरी लोभ तोच आहे.
तुझा दादा,
योसेफ

दि. १६ जानेवारी १९७३

ती. दादास,
कृपाचा सलाम. वि. वि.

आधी हे सांगते, की यांना काहीच ठाऊक नाही. शाळा सुटली की हे दुष्काळी कामावर मजुरांची हजेरी लिहायला जातात, घरी येतात ते मान टाकतात. दोनच उत्तरं धाडून ऑक्टोबरात म्हणाले, की आता झेपत नाही, नाव काढायला दादाला लिही.

मी लिहिलं नाही. इतिहासाचा धडा नुकताच आला होता, म्हटलं वाचून तर पाहू. वाचला आणि उत्तर लिहून बसले. मॅट्रिकनंतर पहिल्यांदाच मला कुणी स्वयंपाक झाला का यापलीकडचं काही विचारलं होतं. अशी नऊ उत्तरं झाली. शेजारच्या रंगुबाई विचारतात, लई पत्रं येत्यात, माहेरी बरं हाय ना. एका उत्तरावर सरांनी शेरा दिला, 'उत्तर पुस्तकी नाही, स्वतःचे आहे.' तो वाचून मी चुलीपुढे रडले.

नऊ वेळा यांचं नाव घातलं तेव्हा हात अडला नाही. पण समाधानी आहात का, याला यांच्या नावानं काय लिहू? समाधान तर माझं होतं. त्याखाली खोटी सही होईना.

तुला खाली पाहायला लावलं, माफ कर. नाव काढून टाक. धडे थांबले की मला चुकल्याचुकल्यासारखं होईल, तेवढंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
कृपा

दि. १२ फेब्रुवारी १९७३

प्रिय योसेफराव,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुम्ही कृपाला धाडलेलं पाकीट पोस्टमननं शाळेत माझ्या हाती दिलं. मी ते फोडलं, ही माझी चूक. आत प्रवेशाचा कोरा अर्ज आणि तिची ती पत्रिका. वर्ग सतराचा पाढा म्हणत होता, तो कधी संपला मला कळलं नाही.

घरी येऊन विचारलं. तिनं रिकाम्या कणगीत हात घालून नऊ उत्तरपत्रिका काढल्या आणि पुढ्यात ठेवल्या. मी रागावणार होतो. एक वाचली, दुसरी वाचली. बारा वर्षं मास्तरकी करतो, पण असं उत्तर मला जमलं नसतं. आणि सहा वर्षांच्या संसारात मी तिला असा एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यानं मी पुरता हादरलो.

उत्तरं माझी नव्हती, माझं नाव कमी करावं, असं विद्यापीठाला मी स्वतः कळवलं आहे. होईल ते सोसू. तुम्ही तिला रागावू नये.

लोभ आहेच, त्यात आता तिचा वाटा वेगळा धरावा.
आपला,
गिदोन

ता. क. काल तिला अर्ज भरायला बसवलं. नावाच्या रकान्यात तिनं सवयीनं माझंच नाव लिहिलं. दुसरा कोरा अर्ज ताबडतोब पाठवावा.