वरचा एक

शनिवार, ३ जुलै २००४, अजमान

काल सकाळी पूजा आटोपली आणि कपाळावरचं गंध ओलं असतानाच कॉम्प्युटरपुढे बसलो — पत्ते खेळायला! पर्णिकाने, माझ्या लेकीने, शिकवलेला पोकर. पाच डॉलर, म्हणजे अठरा दिरहम, म्हणजे सव्वादोनशे रुपये. एवढ्यात महिना काढायचा. देवाला तसं सांगून ठेवलंय.

बरी पानं आली की अकरा सेंट लावतो. फार चांगली आली तर एकवीस, एक्कावन्न. गावाकडची सवय, शुभाला वरचा एक हवाच. पण मी लावले रे लावले की सगळे पानं टाकून पळतात! नुसती हूल द्यावी, तर हटकून कोणीतरी ठाण मांडून बसतो.

पर्णिकाचा कॅनडाचा व्हिसा अजून आलेला नाही. येऊ नये, असं देवाला सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटतं.

रविवार, ४ जुलै

लेकीने मागे उभं राहून तीन डाव पाहिले आणि हसत सुटली. "बाबा, यू आर सो ऑब्व्हियस! पानं असली की एक्कावन्न, ब्लफ असला की पन्नास."

"खोट्यावर शुभाचा एक कसा ठेवणार?"

"मग खऱ्यावरही ठेवू नकोस. मध्ये जेवढे पैसे जमलेत त्याच्या निम्मे लाव, पानं कसलीही असोत. खलास!"

शुक्रवार, ९ जुलै

निम्म्याचा नियम पाळला. सत्तर सेंट जिंकलो! चांगल्या पानांवर नुसते चाळीस लावताना मात्र हात अडखळला.

शुक्रवार, १६ जुलै

व्हिसा आला. टोरंटो, दोन वर्षं, एकटी. कमलिनीने, माझ्या बायकोने, लगेच शिरा केला. मी म्हटलं, "जा की, छानच झालं!" आणि पाकिटात पाचशे दिरहम घालून पर्णिकाला दिले.

तिने उघडून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाचशे?"

पाकीट परत माझ्या हातात. "मनापासून वाटेल तेव्हा दे, बाबा."

"कमी पडले का गं?" कमलिनी म्हणाली. "पाचशे म्हणजे सहा हजार रुपये होतात!"

मी पाकीट खिशात घातलं.

सोमवार, २ ऑगस्ट

खेळलो नाही. देवापुढे बराच वेळ बसलो. मी इकडे निघालो तेव्हा चोवीसचा होतो. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, हातावर अकरा रुपये ठेवले होते. दहा नव्हेत.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

आज विमानतळावर पाकीट दिलं. तिने उघडलं नाही. बाहेरूनच चाचपत गेली. तळाशी एक दिरहमचं नाणं बोटाला लागलं, तशी थांबली.

"येते, बाबा."