बापाकच्या कानशीचा सूर

प्रिय बापाक,

हे पत्र बाजारात टेंपेच्या सोयाबीन-वड्या विकणाऱ्या एम्बोक दारमीच्या टोपलीत, अगदी तळाच्या केळीच्या पानाखाली घालून पाठवते आहे. तिला वाचता येत नाही हे तुमचं-माझं नशीब. आमची गुपितं ती पोटात ठेवते, पण घरचा निरोप तोंडी दिला असता तर टोपली रिकामी व्हायच्या आत तो सगळ्या बाजारात पोचला असता. वाचून झालं की चुलीत टाका. सापडलं तर तुमची मान आधी जाईल, माझी मागून. तरीही लिहिते आहे, कारण यातलं काही दारमीच्या तोंडी द्यायचं नाही मला.

आधी खुशाली. मी धडधाकट आहे. भात आठवड्यातून दोनदा मिळतो, एरवी वाळवलेल्या कसाव्याच्या कंदाचा लगदा आणि मिरची. वजन उतरलंय, आवाज उतरलेला नाही. दोन महिन्यांपूर्वी, डचांच्या गाड्या शहरात शिरल्या त्या सकाळी, मी कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी होते आणि तुम्ही तुमच्या पारव्याला दाणे घालत होतात. बाहेर बैलगाडीत, गवताच्या पेंढ्यांखाली आमच्या, प्रजासत्ताकाच्या, रेडिओचं यंत्र होतं. तुम्ही मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालात, "गेंदुक, पोरी, गाणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी गावं. गादीवर कोण बसलंय ते बघत बसू नये." मी बोटं मोजली. राजवाडा, डच, जपानी, आपलं प्रजासत्ताक, आणि आता परत डच. "पाच मालक झाले बापाक, सहावा बघून ठेवलाय का?" असं म्हणाले मी. तुम्ही पारव्याशी शीळ घालत राहिलात. मग मी म्हणाले की तुम्ही त्यांच्या रेडिओवर वाजवाल तेव्हा मी कान झाकून घेईन. पाच मालकांचं बोलणं मी अजूनही मागे घेत नाही. पण कान मी एकदाही झाकलेले नाहीत. दर रविवारी आमचा यंत्रवाला पार्मिन शहरचं केंद्र लावून आमचं यंत्र ताडून बघतो आणि मी गोठ्याच्या दाराशी बसून तुमच्या रेबाबच्या तारांवर गज फिरतो तो ऐकते. मधल्या बोटाचं दुखणं वाढलंय ना तुमच्या? वरच्या सुरावर जाताना कळतं.

हो, गोठ्यातच आहे आमचं रेडिओ केंद्र. गावच्या पाटलाचा, लुरा म्हणतात ना त्यांचा, शेळ्यांचा गोठा. गावाचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्याआधी कळलेलं आहे. अर्ध्या गोठ्यात शेळ्या, अर्ध्यात यंत्र. तार दोन माडांच्या मध्ये सकाळी चढते, काम झालं की उतरते. पार्मिन तेवीस वर्षांचा आणि तिरसट. बातम्या मी वाचते. तर तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या केंद्रावरचा तो गुळगुळीत आवाजाचा निवेदक काय म्हणाला, आठवतं? "प्रजासत्ताक संपलं. त्याचा आवाज म्हणून जे ऐकू येतं, ते कोणीतरी परदेशात बसून जुन्या रेकॉर्डी वाजवतंय." पार्मिनने हातातला पाना भिंतीवर फेकला. "रेकॉर्ड? हे जनरेटरचं चाक फिरवून माझ्या हाताची सालटी निघाली, आणि हा बाबा म्हणतो रेकॉर्ड!" आमचे लेफ्टनंट विर्यादी शांत माणूस, पण त्यांचाही चेहरा उतरला. डोंगराखालच्या गावांत लोक घाबरत घाबरत आमचं ऐकतात. त्यांना हे खरं वाटलं तर भात कोण देणार, रस्ता कोण दाखवणार? तेव्हा मी म्हणाले, रविवारी दहा वाजता गामेलान वाजवू. पूर्वी वाजायचं तसं. अख्खा ताफा, जिवंत, इथूनच. सुचवलं मी, बापाक. लेफ्टनंटनी नाही, पार्मिननेही नाही.

त्या रविवारची सकाळ तुम्ही बघायला हवी होती. गावच्या मांडवातलं गामेलान, कांशाच्या पट्ट्यांची सगळी वाद्यं, गोठ्यासमोर आणून मांडलं, मोठी घंटा सहा जणांनी बांबूवरून आणली. ढोलावर एम्बाह करसो, वय पंचाहत्तर, एक डोळा गेलेला, हात मात्र जागेवर. रेबाब वाजवणारं कोणी नव्हतं, तेव्हा माझ्या डाव्या हाताची जागा रिकामीच ठेवली. रेबाबशिवायच पहिली ओळ उचलली मी. माझ्या मागे बायका पदराआड हसत होत्या आणि ऐन आलापात पाटलांचा दाढीवाला बोकड जो ओरडला, तो ओरडतच राहिला. पार्मिन हातवारे करून मला सांगतोय, थांबू नकोस, थांबू नकोस. शेवटची घंटा वाजून तार खाली आली तसा तो बोकडाच्या गळ्यातच पडला. "आता म्हणा म्हणावं रेकॉर्ड! कोणत्या रेकॉर्डमध्ये बोकड ओरडतो दाखवा!" पाटलांनी त्याच बोकडाचा रस्सा करायचं कबूल केलं होतं, पण आता कोणी त्याला हात लावू देईना. शेवटी दोन कोंबड्यांवर भागलं.

सगळे जेवायला बसले, एम्बाह करसो बसले नाहीत. ढोलाला टेकून विडी विझवत म्हणाले, "बोकडाचं काय कौतुक करता? गावाचं नाव सांगून आलो आपण." पार्मिन म्हणाला, "म्हातारबा, नाव तर कोणी घेतलंच नाही." त्यावर त्यांनी कांशाच्या एका पट्टीवर टिचकी मारली. "हे काय मग? हिने घेतलं की. जावामध्ये दोन गामेलान एका सुराचे आहेत का? ज्याने हे एकदा ऐकलंय तो डोळे मिटून सांगेल, हे कुठलं ते." यंत्र लपवलं, तार लपवली, माणसांची नावं बदलली, आणि ज्याचा चेहरा सगळ्यांत वेगळा तेच आणून दोनशे मैलांत दाखवलं. लेफ्टनंट दुसऱ्या बेटावरचे, त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. लहानपणापासून तुमच्या मांडीशी बसून मी दुसरं काय ऐकत आले? पण रागाच्या भरात माणूस स्वतःचं घरसुद्धा विसरतो, तसं झालं.

आणि हे गामेलान तर कोणाच्या हातचं? आठ वर्षांपूर्वी तुम्ही ते पुन्हा सुरात आणायला इथे आला होतात, मी सोळा वर्षांची, तुमच्याबरोबर. अकरा दिवस तुम्ही कानस चालवत होतात. सूर चढवायचा तर पट्टीची टोकं घासायची, उतरवायचा तर मधला भाग, हे मी इथेच शिकले. सहाव्या पट्टीशी तुमचं जमेना. मग मला म्हणालात, गा. मी गायले आणि तुम्ही ती पट्टी माझ्या आवाजाला लावून मोकळे झालात. शास्त्रापेक्षा केसभर चढी. एम्बाह करसो तेव्हा कुरकुरले होते की पोरीच्या गळ्यासाठी गावाचं कांसं बिघडवलं. तुम्ही म्हणालात, पोरगी इथे परत गायला येईल तेव्हा बघा. बघितलं त्यांनी.

लेफ्टनंटनी विचारलं, हे ओळखू शकेल असा माणूस शहरात कोण आहे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, ज्यांनी ते घासलं ते माझे वडील, आणि ते डच रेडिओवर रेबाब वाजवतात. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "विचारलं तर ते सांगतील का?" मी एका शब्दात उत्तर दिलं. काय दिलं ते शेवटी लिहिते. आत्ता लिहिलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. त्या उत्तरावर दुपारच्या आत गाव रिकामं झालं. बायका-पोरं, म्हातारे, शेळ्या, सगळे डोंगर चढले. पट्ट्या भाताच्या खाचरात पुरल्या, मोठी घंटा तळ्यात सोडली, यंत्र पाठुंगळीला घेतलं. पाटलीणबाई नऊ महिन्यांच्या, त्यांना खुर्चीत बसवून नेलं. चार दिवस पावसात, ताडपत्रीखाली, आम्ही खालच्या वाटेकडे डोळे लावून बसलो.

बुधवारी गाड्या निघाल्या. आमच्याकडे नाही, नदीपलीकडे, केडुंगवारूकडे! पार्मिन म्हणाला, "तिकडे काय करायला? जानेवारीत जळालं ते. कावळासुद्धा राहत नाही." सैनिक दिवसभर राख उकरून रिकाम्या हाताने परतले. शुक्रवारी दारमी आली तेव्हा उलगडा झाला. तुमच्या केंद्रावरच्या डच साहेबाने आमचा रविवार तबकडीवर उतरवून घेतला होता म्हणे. म्हणजे आमची रेकॉर्ड होती खरी, त्यांनीच केलेली! तुम्हा सगळ्या वादकांना बोलावून ती लावली. तुम्ही घाई केली नाही. आधी चहा मागितला, मग म्हणालात, परत लावा. पुन्हा ऐकली आणि सांगितलंत, केडुंगवारूचं गामेलान. साहेब म्हणाला, नक्की? तुम्ही म्हणालात, "माझ्या हातचं कांसं मी ओळखणार नाही?" खोलीत आणखी सात वादक होते. ढोलवाले पाक सोमो, झांजवाले, सगळे. सातही जणांनी मान डोलावली, दारमी ढोलवाल्यांच्या बायकोच्या हवाल्याने सांगते.

केडुंगवारूचं गामेलान जपान्यांनी बंदुका ओतायला नेलं, बापाक. सहा वर्षं झाली. ते गेलं त्या दिवशी तुम्ही अंगणात पालथे पडून रडला होतात, मी बघितलंय. ते आठही जणांना ठाऊक होतं. ज्या माणसाने चुकीचा सूर लावला म्हणून माझ्या हातावर छड्या मारल्या, राजवाड्याच्या पाहुण्यांसमोर राजाच्या मेव्हण्याला बेसूर म्हणून सांगितलं, त्या माणसाने सुराबद्दल खोटं सांगितलं. तुमच्याकडे ती एकच गोष्ट खरी होती आणि ती तुम्ही आमच्यासाठी खर्च केलीत. पाटलीणबाईंना डोंगरावरच मुलगी झाली. तिच्या आईला मी सांगितलं, कोणामुळे ते.

पण हे फार दिवस टिकणार नाही. तो मोजमाप करणारा गोरा पंडित आठवतो? युद्धाआधी पेटीत तारेचं यंत्र घेऊन गावोगाव हिंडायचा आणि प्रत्येक पट्टीचे आकडे वहीत लिहायचा. तुम्ही हसायचात, हा माणूस टेंपेची जाडी मोजतो, खात नाही. तो सोमवारी शहरात येतो आहे, वहीसकट. तबकडी ऐकायला त्यालाच बोलावलंय. केडुंगवारूचे आकडे त्याच्याकडे आहेत. आमचे नाहीत, कारण आमच्या पट्ट्या तुम्ही त्याच्यानंतर घासल्या. म्हणजे त्याला आम्ही सापडणार नाही, तुमचं खोटं तेवढं सापडेल. त्या सात जणांनाही दारमी सांगणार आहे. "म्हाताऱ्याने सांगितलं, आम्ही माना डोलावल्या, आम्हाला काय कळतंय?" एवढं म्हणायचं आणि सगळं तुमच्यावर ढकलून मोकळं व्हायचं. तुम्ही तिथे नसलात तर त्यांना ते म्हणता येईल. तुम्ही असलात तर ते म्हणणार नाहीत, तुमचेच मित्र ते.

तेव्हा शनिवारी पहाटे निघा. कुठे आणि कसं ते दारमी सांगेल, ती बोलेल तेव्हा एकदा तरी तिला मध्ये तोडू नका. रेबाब खोलून टोपलीत घाला. पारव्याला सोडून द्या, तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे, उडून जाईल. वाटेत गुडघ्यांची तक्रार सांगू नका, पार्मिन पाठीवर घ्यायला तयार आहे. गेल्या रविवारी आम्ही नुसत्या बातम्या वाचल्या, गामेलान नव्हतं, आणि तुमचा तो निवेदक लगेच म्हणाला की तबकडी झिजली वाटतं. या रविवारी वाजवणार. लेफ्टनंट आधी नको म्हणत होते. मी म्हणाले, चार दिवस पावसात राहिलेली माणसं पट्ट्या चिखलातून स्वतः काढून धुताहेत, त्यांना तुम्ही जाऊन नको म्हणा. ते गेले आणि परत येऊन स्वतः एक पट्टी धुवायला बसले. वाजवून झालं की त्याच दुपारी यंत्र वरच्या गुहेत जाईल, मग पुढच्या रविवारी दुसऱ्या गावातून, दुसऱ्या कांशावर. येऊन ओळखत बसा म्हणावं.

आता माझं उत्तर. लेफ्टनंटनी विचारलं, तुझे वडील सांगतील का? मी म्हणाले, "सांगतील." विचार करायला क्षणभरसुद्धा थांबले नाही. अडीचशे माणसांसमोर, ताठ मानेने, तुमच्याबद्दल हे बोलले मी. गावाला आता तुमचं काम ठाऊक आहे, पाटलीणबाई रोज तुमच्या नावाने भात ठेवतात, पण माझं उत्तर कोणीही विसरलेलं नाही आणि मीही नाही. बाकी सगळं दारमी सांगू शकली असती. हे एवढंच तिच्या तोंडी द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. माफी मी कागदावर मागणार नाही, तुमच्या समोर उभी राहून मागेन, आणि पाच मालकांचं भांडण त्यानंतर लगेच पुढे सुरू करेन. या, बापाक. भांडायला तरी या.

तुमचीच, हट्टाने तुमच्यावरच गेलेली,
सुमिराह