पाचशे वॅटचं लेबल

अमरावती,
३ एप्रिल २०२५

ती. खुशालमामा यांस,
आकांक्षाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता, म्हणून पत्र. आई म्हणते, चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला भाऊ अकोल्यात असताना दुकानदाराला कशाला विचारतेस?

माझा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो. अंध मुलांसाठी दहावीचा इतिहास वाचून रेकॉर्ड करायचं काम एका संस्थेकडून मिळालंय, माझं पहिलंच. बावीस तारखेला सगळे धडे द्यायचेत. काल तिसरा धडा संपत आला आणि पडदा काळा. दुकानदार म्हणाला, एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेलाय. बाहेरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, नवीन घेतली तर सोबत पाचशे वॅटचा डबा फुकट. घेऊ का? लवकर लिहा. मला एका जागी बसवत नाहीये.

लोभ आहेच, तो तसाच ठेवा.
तुमची भाची,
आकांक्षा

अकोला,
६ एप्रिल २०२५

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद.

फुकटचा डबा घेऊ नको. मोठ्या अक्षरात पाचशे लिहायले काय जाते? लेबलवर बारा व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा राहते, तो पाहा. त्याले बारानं गुणलं की डब्याचा खरा दम समजते. तुह्या मशीनमध्ये गेमवाल्यायचं वेगळं कार्ड नाही, तुले साडेचारशे वॅट पुरे झाले. पण ते खरे पाहिजेत. हातात घेऊन पाहा, चांगला डबा जड राहते. व्होल्टेज चढलं तर स्वतःच बंद होणारा घे, अन् वॉरंटी बिलावर लिहून घे. घरचं अर्थिंगही तपासून घे. झालेले धडे आधी दुसरीकडे उतरवून ठेव. घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज कसं नाचते, ते मले माहीत आहे.

इतिहास वाचून राहिली म्हणते, पण शाळेत तुले एकही सन पाठ नव्हता, हे मी कोणाले सांगत नाही.

मायेत कमी करू नको.
तुहा मामा,
खुशालराव

अमरावती,
१० एप्रिल २०२५

ती. मामांस सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. डबा मी परवाच बसवून घेतला होता. रागावू नका. लेबल वाचलं: बारा व्होल्ट, चौदा अँपिअर. म्हणजे एकशे अडुसष्ट. पाचशेतले बाकीचे कुठे गेले, असं दुकानदाराला विचारलं तर हसला. म्हणाला, तुझ्या मामांचा जमाना रेडिओचा होता.

पण चालतोय, मामा. थोडा तापतो आणि बारीक शिट्टी वाजवतो. ती रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून मागून उशी लावून ठेवते. सात धडे झाले. बावीस तारीख गेली की बदलीन. तोवर त्याला हात लावायचीच भीती वाटते. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका.

आठवण काढत जा.
आकांक्षा

अकोला,
१४ एप्रिल २०२५

चि. आकांक्षा,

आधी मशीन बंद कर, मग पुढचं वाच. उशी काहून लावली? तापलेल्या डब्याचा श्वासच कोंडला तू! शेजारच्या नागसेनले तुले फोन करायले लावला, तर तू त्याले म्हणे, सगळं ठीक आहे.

आज जयंती. सारी वस्ती मिरवणुकीत, अन् मी या दारातून त्या दारात फिरून राहिलो. जे आता लिहितो, ते तुह्या आईलेही माहीत नाही. पंचवीस वर्षं झाली. बार्शीटाकळीचा पुंजाराम टीव्ही घेऊन आला होता. माह्याजवळचे फ्यूज संपले होते अन् त्याले घाई होती. मी फ्यूजच्या जागी जाड तार जोडली अन् म्हटलं, चालते. आठव्या दिवशी टीव्ही पेटला. त्याच्या पोरीचा, दीपमालाचा, हात भाजला. मी पाहायले गेलो, काळी तार पाहिली, अन् सांगितलं की लाइनचं व्होल्टेज वाढलं असन. पुंजारामनं मानलं.

तू ‘चालतोय’ म्हणून लिहिलं, तेव्हापासून मले घास जात नाही. उद्या पोस्ट उघडल्याबरोबर हे पत्र टाकतो.

मामाले समजून घे.
खुशालराव

अमरावती,
१८ एप्रिल २०२५

ती. मामांस सप्रेम जयभीम.

पत्र उभ्यानंच वाचलं आणि नवव्या धड्याच्या मधोमध मशीन बंद केलं. उशीचं कापड एका बाजूनं पिवळं पडलं होतं.

डबा घेऊन दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या परवीनताईंनी तो उघडून दाखवला. आत एक भाग फुगलेला, खालची पट्टी तपकिरी. म्हणाल्या, हा गेला असता तर हार्ड डिस्कही घेऊन गेला असता. नवीन डबा साडेचारशेचाच, पण बारा व्होल्टला छत्तीस अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी, आणि वजनाला पहिल्याच्या दुप्पट. आठ धडे शाबूत आहेत. संस्थेनं पंचवीसपर्यंत मुदत दिली. आता शिट्टी वाजत नाही.

मामा, एक लिहू? तुम्ही हे मला सांगितलंत, पण हात दीपमालाचा भाजला होता. अकोल्याहून बार्शीटाकळी किती लांब आहे? उद्धट वाटलं तर मला रागवा, आईला सांगू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.
आकांक्षा

अकोला,
२४ एप्रिल २०२५

चि. आकांक्षा हिस आशीर्वाद.

तीन दिवस बसस्टँडवर जाऊन परत आलो. काल बसमध्ये बसलो.

पुंजारामले सारं सांगितलं. दीपमाला आता शाळेत शिकवते. मले नीट ऐकू येत नाही, म्हणून बाप बोलत होता अन् ती मले वहीत लिहून दाखवत होती. माफ केलं, असं त्यात कुठंच नव्हतं. माह्या शब्दावर पुंजारामनं तेव्हा लाइनमन धर्मपालले भर चौकात शिव्या दिल्या होत्या, अर्ज केला होता, अन् त्या माणसाची बदली झाली होती. मले हे काल समजलं. दीपमालानं लिहिलं, त्याच दिवशी सांगायले पाहिजे होतं. तिच्या हाताकडे मले पाहवलं नाही.

धर्मपाल रिटायर होऊन तिवस्याले राहते. मी म्हटलं, एकटा जातो. तर पुंजारामनं वही ओढली अन् वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं की अर्जावर सही माही होती, मी बी येतो.

रविवारी आमी दोघं निघून राहिलो. अमरावतीत गाडी बदलावी लागते, पण तू स्टँडवर येऊ नको. परत येताना तोंड दाखवायसारखं राहिलं, तर घरी येईन.

तोवर लोभ असू दे.
तुहा मामा,
खुशालराव