पाचव्यांदा तोच शह

इंदौर,
१२ फेब्रुवारी २०२५

धम्मदीनाताई,

सप्रेम जयभीम. तू घरातल्या सगळ्यांना फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून इथून तासाभरावरच्या तुझ्या राऊच्या पत्त्यावर हे पत्र. पोस्टातला माणूस म्हणाला, "राऊ चिठ्ठी भेज रिये हो भिया? बस से चले जाते." मी खामखा हसलो. इकडे सगळं ठीक. थंडी सरत आलीय. पोह्यांवर जिरावन भुरभुरलं की तुझी शिंक आठवते.

रविवारचा स्पर्धेतला आपला डाव डोक्यातून जात नाही. तू मला सिसिलियन ड्रॅगनची सुरुवात खेळू देशील असं वाटलंच नव्हतं. त्यात कोणीतरी मरतंच. तू माझ्या राजापुढची प्यादी फोडलीस, मी हत्ती देऊन तुझ्या राजाचं घर मोडलं. मग माझा वजीर शह देत राहिला आणि तुझा राजा कोपऱ्यात जायचा, बाहेर यायचा, परत कोपऱ्यात. पटावर ऊन सरकत आलं होतं. हॉलमधली माणसं पुसट होत गेली. मारलेलं एक प्यादं तू मुठीत धरून बसली होतीस, लहानपणी बसायचीस तशी.

तीनदा तीच स्थिती आली की बरोबरी मागता येते, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. तू मागितली नाहीस. मीही नाही. पाचव्यांदा तेच झालं तेव्हा नियमाप्रमाणे पंच अशोकजींनीच डाव थांबवला. म्हणाले, "इतने बड़े खिलाड़ी, ड्रॉ माँगना नहीं आता?" तू हात मिळवलास आणि निघून गेलीस.

बाबा मागच्या रांगेत होते, तू ओळखू नयेस म्हणून मफलर गुंडाळून. घरी आल्यावर एवढंच बोलले, "दोघांनाही उठायचं नव्हतं." मग त्यांनी तीच स्थिती पटावर मांडली. अजून तशीच आहे. दुर्गामावशी तिच्या कडेकडेनं फडकं फिरवते.

मावशीचं नाव लिहायचं नव्हतं. बाबांनी तिच्याशी लग्न केलं म्हणून तू घर सोडलंस, त्याला दोन वर्षं झाली. आईच्या फोटोला रोज फूल तीच वाहते गं. पण ते पटवायला मी लिहीत नाहीये. महिनाअखेरीला तू कायमची बेंगलोरला चाललीस असं कळलं. न भेटता गेलीस तर बाबा तो पट उचलणार नाहीत, आणि मला तो बघवणार नाही.

एकदा घरी ये. कोणाशी बोलू नकोस हवं तर. रविवारीही आपण कुठे बोललो होतो? नुसती समोर बस.

पटावरून अजून न उठलेला,
तुझा स्वप्निल