फ्यूज माह्याजवळ आहे

गजू,

तुह्या बाबाले घेऊन चिखलीच्या दवाखान्यात चालली. कारखान्यातली लाकडाचा भुसा ओढायची मशीन सकाळपासून घडीघडी बंद पडत होती. मग लाइनच गेली, म्हणून त्यायनं झाकण खोलून पंख्यात अडकलेला छिलका काढाले हात घातला, अन् लाइन आली. बटन चालूच होतं. लाइन आली की समजावं म्हणून तुम्ही दोघं ते कधी बंद करत नाही. सांगून सांगून माहं तोंड दुखलं.

बोटं राहतील का नाही, माहीत नाही.

तू आल्या आल्या मशीन काऊन बंद पडते ते पाह्यले जाशील, फ्यूजात जाड तार टाकून डायरेक्ट करशील. नको करू, गजू. वायरमन गुलाम रसूल चाचाले फोन केला, वायर तेच पाहतील. गिऱ्हाइकाचा दिवाण लग्नाच्या आधी नाही गेला तर नाही गेला, पोरीच्या बापाले मी सांगीन.

भाकरी टोपल्यात आहे. कारखान्यातली फरशी मी आल्यावर पुशीन, तू तिकडं जाऊ नको.

मेनचा फ्यूज मी काढून पिशवीत नेला. घरात अंधार राहील, राहू दे. राग आला तर दवाखान्यात येऊन माह्याशी भांड. पण दोन्ही हात शाबूत घेऊन ये.

आई